सायकलवरची पलटण आणि उशिरा पोचलेला हुकूम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत '९ एप्रिल' या डॅनिश युद्धपटावर प्रेक्षकांची मते छापून आली आहेत. तालुक्याच्या वाचनालयात चित्रपट मंडळाने हा खेळ लावला, त्याला मीही हजर होतो. मते देणारे बहुतेक जण माझ्या ओळखीचे आहेत, त्यात माझा एक पुतण्याही आहे. म्हणून हे पत्र कुणाला खाली दाखवण्यासाठी नाही. पण 'भेकडांचा सिनेमा' हे शब्द ठळक अक्षरांत छापलेले वाचले आणि गप्प बसवेना. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई म्हणून भरती झालो आणि सुभेदार होऊन घरी आलो. पडद्यावरच्या त्या पोरांची बाजू आपल्या पानावर कुणीतरी मांडायला हवी, एवढ्यासाठी लिहीत आहे.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. रोनी एझरा या दिग्दर्शकाचा हा सिनेमा २०१५चा, जेमतेम दीड तासाचा. १९४० सालच्या ८ एप्रिलची रात्र आणि ९ एप्रिलची सकाळ, एवढाच त्याचा काळ. डेन्मार्कच्या दक्षिणेला, जर्मनीच्या सीमेलगत जटलंडमध्ये सायकलवरून फिरणाऱ्या पायदळाची एक प्लाटून आहे. तिचा प्रमुख सेकंड लेफ्टनंट सँड हे काम पिलू अस्बेक या नटाने केले आहे. पहाटे जर्मन सैन्य हद्द ओलांडते. ही पोरे सायकली दामटत पुढे जातात, रस्त्याकडेला आडवी होऊन गोळीबार करतात, मागे हटतात, पुन्हा थांबून लढतात. शेवटी हादर्सलेव्ह गावात लढून शस्त्रे खाली ठेवतात आणि तेव्हा त्यांना कळते, की आपल्या सरकारने शरणागती आधीच दिलेली होती.

पहिले मत, सगळ्यांत जास्त जणांनी दिलेले: 'सुरुवातीला बराच वेळ काहीच घडत नाही.' सायकलच्या टायरची कवायत, रायफलींची साफसफाई, बराकीतल्या गप्पा, मोजून दिलेली काडतुसे आणि रात्रभर वाट बघणे. हे 'काहीच नाही' कसे? डिसेंबर २००१मध्ये संसदेवर हल्ला झाल्यानंतर 'ऑपरेशन पराक्रम'मध्ये आमची पलटण राजस्थानच्या सीमेवर गेली. मी तेव्हा हवालदार होतो. ऑक्टोबर २००२पर्यंत लाखो जवान तसेच बसून होते. युद्ध झाले नाही, म्हणून त्याच्यावर कुणी सिनेमा काढत नाही. पण त्या महिन्यांत सुरुंग पेरताना आणि नंतर काढताना जवान गेले, त्यांच्या घरी पेट्या आल्या. रोज पहाटे उजेड फुटायच्या आधी 'स्टँड टू'. सगळे मोर्च्यात, म्हणजे खंदकात, बोट ट्रिगरच्या बाजूला, नजर समोर. उजेड झाला की खाली. पुन्हा संध्याकाळी तेच. बोल्टमध्ये वाळू जायची, म्हणून दिवसातून किती वेळा रायफल उघडायची याला हिशेब नव्हता. लंगरवर रोज नवी बातमी यायची. आज रात्री नक्की, असे कुणाच्या तरी गाववाल्याने ब्रिगेडच्या ऑफिसात ऐकलेले असायचे. त्या बातमीवर पोरे न जेवता उठायची. माझ्या सेक्शनमधला एक जण तेव्हा बायकोला रोज पत्र लिहायचा आणि पाठवायचा मात्र नाही. पिट्टूत, म्हणजे पाठीवरच्या पिशवीत, गठ्ठा बांधून ठेवायचा.

सिनेमात टायर बदलायची कवायत घड्याळ लावून होते, तेव्हा आपले प्रेक्षक हसले. मला त्यात हसण्यासारखे दिसले नाही. त्या पोरांच्या हाती जे होते त्याचीच ती तयारी करत होती. आपण डोळे बांधून एलएमजी (हलकी मशीनगन) खोलतो आणि जोडतो, ते कशासाठी? अंधारात, थंडीत, जीव घाबरलेला असताना डोके चालत नाही, हात चालतात. दिग्दर्शकाने हे अगदी बरोबर पकडले आहे. पहाटेच्या धुक्यात गाड्यांची घरघर ऐकू येते तेव्हा पोटात जे होते, ते आधीची ती लांबच लांब रात्र दाखवल्याशिवाय पडद्यावर आणता आलेच नसते.

दुसरे मत सायकलींचे. 'टँकसमोर सायकली म्हणजे पोरखेळ' असे एकाने म्हटले आहे. सायकल हे लढायचे वाहन नाही, पोचायचे आहे. सपाट मुलुख, चांगले रस्ते, पेट्रोल लागत नाही, आवाज नाही, आणि पायी चालणाऱ्याच्या तिप्पट वेगाने माणूस जागेवर पोचतो. पोचल्यावर सायकल टाकायची आणि पायदळासारखे लढायचे. ज्यांना हसू येते त्यांनी मलायाची, म्हणजे आजच्या मलेशियातली, मोहीम वाचावी. डिसेंबर १९४१मध्ये जपानी तिथे उतरले आणि हजारो सायकलींवरून त्यांनी ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि आपल्या हिंदी पलटणींना द्वीपकल्पाच्या टोकापर्यंत मागे रेटले. १५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर पडले. टायर फाटले तर ते नुसत्या रिमवर चालवत. त्या कैदेत आपल्या देशाची हजारो पोरे गेली. सायकलीला हसू नये.

आता मुख्य गोष्ट. 'दोन तासांत शरण गेलेला देश' आणि 'भेकड' ही दोन मते. इथे माझी सिनेमाबद्दलही थोडी तक्रार आहे, ती पुढे सांगतो. पण आधी त्या सकाळी काय झाले ते वाचकांसमोर आले पाहिजे, कारण ते माहीत नसेल तर हा सिनेमा अर्धाच दिसतो.

डेन्मार्क हा महाराष्ट्राच्या साधारण सातव्या हिश्शाएवढा देश. १९४०मध्ये लोकसंख्या चाळीस लाखांच्या आत. ३१ मे १९३९ला त्याने जर्मनीशी अनाक्रमणाचा करार केलेला होता. जर्मनीला खरे तर नॉर्वे हवे होते, कारण स्वीडनचे लोहखनिज नॉर्वेच्या नार्विक बंदरातून यायचे. नॉर्वेकडे विमाने न्यायची तर उत्तर जटलंडमधला आल्बोर्गचा विमानतळ ताब्यात पाहिजे. एवढ्यासाठी डेन्मार्क तुडवला गेला. हल्ला येतोय याच्या खबरा होत्या. लष्कराने पूर्ण जमवाजमव मागितली, सरकारने ती नाकारली. जर्मनीला निमित्त मिळू नये म्हणून सीमेवरच्या तुकड्यांना बराकीतच सज्ज राहायला सांगितले, पुढे जाऊन मोर्चे खणायला मनाई होती. फौजी माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. रात्रभर बराकीत जागायचे, आणि शत्रू हद्द ओलांडून आला की उघड्या रस्त्यावर, खंदकाशिवाय, त्याला सामोरे जायचे. सिनेमातली पोरे कुंपणाच्या आणि बांधाच्या आडोशाने का लढतात, असे एका प्रेक्षकाने विचारले आहे. त्याचे उत्तर हे आहे. त्यांना खणूच दिले नव्हते.

पहाटे सव्वाचारला हद्द ओलांडली गेली. त्याच वेळी कोपनहेगनच्या बंदरात एक जर्मन जहाज शिरले आणि त्यातून सैनिक उतरले. आमालिएनबोर्ग राजवाड्यापाशी राजाच्या रक्षकांनी त्यांना अडवले. वरून बॉम्बफेकी विमाने घिरट्या घालत होती, पत्रके टाकत होती. व्हेर्लोसे विमानतळावर डॅनिश विमाने जमिनीवरच उडवली गेली, एकच फोकर विमान उठले आणि उठता उठता पाडले गेले, दोघेही वैमानिक गेले. राजवाड्यात राजा दहावा क्रिस्टियन, पंतप्रधान थोरवाल स्टाउनिंग आणि सरसेनापती जनरल प्रायर बसलेले. प्रायर म्हणत होते लढू. राजा आणि मंत्री यांनी शहरावर बॉम्ब पडायच्या आत थांबायचे ठरवले. तेव्हा सकाळचे सहा वाजत होते. आणि जटलंडमध्ये, सीमेजवळ, त्या निर्णयाची बातमी पोचायला आणखी दोन तास गेले. त्या दोन तासांत लढाई चालूच होती. पूर्ण देशात त्या सकाळी साधारण १६ डॅनिश सैनिक पडले.

तर शरण कोण गेले आणि लढले कोण, हे नीट बघा. ज्यांना आपण भेकड म्हणतोय ती पोरे समोर चिलखती गाड्या दिसत असताना थांबून लढत होती. थांबायचे ठरवले ते राजधानीत. ते चूक की बरोबर यावर डेन्मार्कमध्येच आजवर वाद आहे, आणि मला त्यात एकच बाजू दिसत नाही. एका शहराचे प्राण वाचले हे खरे. पुढे ऑक्टोबर १९४३मध्ये याच देशाच्या लोकांनी सात हजारांहून जास्त ज्यूंना लपवून मच्छीमार होड्यांतून स्वीडनला पोचवले, हेही खरे. पण सिनेमातल्या सँडच्या चेहऱ्यावर शेवटी जे दिसते तेही तितकेच खरे. त्याचा माणूस मेला तेव्हा लढाई कागदावर संपलेली होती. तो माणूस कशासाठी मेला, हे त्याच्या आईला त्याने काय सांगायचे?

त्याच सकाळी एक उलटी गोष्टही घडली, ती सिनेमात नाही. रॉस्किल्डच्या रेजिमेंटचे कर्नल बेनिके यांना शरणागतीचा हुकूम मिळाला, पण त्यांचा त्यावर विश्वासच बसला नाही. सरकार असे करणार नाही, हा हुकूम जबरदस्तीने काढलेला असणार, असे समजून ते आपल्या तुकडीसह समुद्र ओलांडून स्वीडनला गेले. एकाच्या हाती हुकूम आला आणि त्याने तो मानला नाही. दुसऱ्याने मानला असता, पण त्याच्या हाती तो वेळेवर आलाच नाही. या दोघांपैकी शूर कोण, हे आपण वाचनालयातल्या पंख्याखाली बसून कसे ठरवणार?

'शेवटच्या माणसापर्यंत लढायला हवे होते' असे लिहिणाऱ्या तरुण मित्राला मी गोव्याची आठवण करून देतो, ती आपल्या घरची गोष्ट आहे. डिसेंबर १९६१मध्ये लिस्बनहून पोर्तुगालचे पंतप्रधान सालाझार यांनी गोव्याचे गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांना कळवले, की शरणागती नको, सैनिक एक तर विजयी व्हावेत नाही तर मरावेत. त्यांच्याकडे तीन हजारांवर सैनिक होते, विमाने नव्हती, आणि समोर भारतीय सेना. त्यांनी १९ डिसेंबरला शस्त्रे खाली ठेवली. सालाझार यांनी त्यांना सैन्यातून काढून टाकले, १९७४च्या क्रांतीनंतर त्यांना पद परत मिळाले. त्यांनी तो हुकूम अक्षरशः पाळला असता तर पणजी, म्हापसा, वास्को इथल्या किती घरांची राख झाली असती? ते आपले शत्रू होते. त्यांची राजवट जायलाच हवी होती. तरी त्या संध्याकाळी त्यांनी जे केले त्याला भेकडपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग सिनेमाला पैसे कमी पडल्याचे मत. 'एवढ्या मोठ्या युद्धात पन्नास माणसंही दिसत नाहीत.' अहो, प्लाटूनमध्ये माणसे असतात तीसेक! सँडला जेवढे दिसते तेवढेच सिनेमा दाखवतो. रस्त्याचे वळण, झाडांची रांग, धूर, आणि कुठून तरी येणाऱ्या गोळ्या. चकमकीत समोरचा माणूस क्वचितच दिसतो. गोळी कुठून आली हे आवाजावरून ओळखायचे असते आणि ते ओळखायला वेळ नसतो. महागड्या युद्धपटांत कॅमेरा आकाशात जाऊन दोन्ही फौजा दाखवतो. त्या उंचीवर कुठलाही सैनिक कधी उभा नसतो. या सिनेमाकडे पैसे नव्हते म्हणून तो जमिनीवर राहिला असेल, तरी त्यामुळेच तो खरा वाटला. पहिल्या गोळीनंतरचा गोंधळ, कुणाच्या तरी हातून मॅगझिन पडणे, हुकूम ओरडून सांगावा लागणे आणि तरीही तो टोकाच्या माणसापर्यंत न पोचणे, हे बघताना माझ्या शेजारी बसलेले आमचे निवृत्त हवालदार पुढे सरकून बसले होते. मते विचारायला आलेल्या मुलाने त्यांना विचारलेच नाही, कारण ते खेळ संपल्यावर लगेच उठून गेले.

हुकूम न पोचण्यावरून एक सांगायचे राहते. आमच्या रेजिमेंटमध्ये ९ एप्रिल ही तारीख वेगळ्या कारणाने माहीत आहे. डेन्मार्कच्या त्या सकाळनंतर बरोबर पाच वर्षांनी, ९ एप्रिल १९४५ला, इटलीत सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. नगर जिल्ह्यातला हा जवान कंपनीचा रनर होता, म्हणजे निरोप आणि हुकूम घेऊन पळणारा. नदी ओलांडताना सोबतचे बहुतेक पडले. त्यांनी जखमींना पाठीवर घेऊन पाण्यातून आणि सुरुंगांतून परत आणले आणि मग एकट्याने मशीनगनची ठाणी बंद पाडली. बांधावर चढून महाराजांच्या नावाची गर्जना केली आणि कंपनीला पुढे बोलावले. आम्हाला ट्रेनिंगमध्ये बेळगावला ही कथा सांगितली जायची ती शौर्याची म्हणून, आणि ती आहेच. पण रनरचे काम किती मोलाचे, हे मला '९ एप्रिल' पाहताना नव्याने जाणवले. एक निरोप वेळेवर पोचला असता तर हादर्सलेव्हच्या रस्त्यावरचे काही जण त्या दिवशी दुपारी जेवायला घरी असते.

आता माझी तक्रार. महाविद्यालयातल्या एका मुलीने लिहिले आहे, की 'लढणारे सगळे सारखेच वाटतात, आणि हे सगळं का घडतंय ते कळत नाही.' तिच्याशी मी सहमत आहे. सँड सोडला तर बाकी पोरांची घरे, गावे, स्वभाव नीट उभे राहत नाहीत. दोघा-तिघांवर आणखी दहा मिनिटे घालवली असती तर त्यांचे पडणे जास्त लागले असते. आणि सिनेमा पलटणीला सोडून राजवाड्यात जात नाही, हे मला पटत असले तरी डेन्मार्कबाहेरच्या प्रेक्षकाला दोन ओळींची पाटी तरी द्यायला हवी होती. हादर्सलेव्हचा तो भाग १८६४च्या पराभवानंतर जर्मनीकडे गेलेला होता आणि १९२०च्या जनमत कौलानंतर परत आला, हे तिथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असेल, आपल्याला नाही. पहिल्या महायुद्धात त्या भागातल्या हजारो डॅनिश घरांतले बाप जर्मन वर्दीत लढायला नेले गेले होते. वीस वर्षांपूर्वी परत मिळालेल्या मातीवर तोच शत्रू पुन्हा चालून आलेला आहे, हे मनात ठेवून ती चकमक पाहिली की तिचे वजन बदलते. शिवाय इंग्रजी उपशीर्षके वाचताना पडद्यावर कुठे डॅनिश बोलतायत आणि कुठे जर्मन, हे आपल्यातल्या अनेकांना उमगले नाही. शेवटी जर्मन अधिकारी सँडशी बोलतो तो प्रसंग त्यामुळे निम्म्या सभागृहाच्या हातून निसटला.

सिनेमा संपल्यावर पडद्यावर खरे म्हातारे सैनिक येतात. त्या सकाळी जे तिथे होते, ते नव्वदी ओलांडलेले, खुर्चीत बसून बोलतात. त्या वेळी आपले निम्मे प्रेक्षक चपला शोधत होते आणि मागचा दिवा लावला गेला. मंडळाच्या कार्यकर्त्यांना विनंती आहे, की पुढच्या खेळाला शेवटची पाटी सरकेपर्यंत दिवे लावू नयेत.

आपल्याला विनंती अशी, की युद्धपटांवर प्रेक्षकांची मते छापताना त्या लढाईची चार वाक्यांची माहिती चौकटीत द्यावी. आणि ज्या तालुक्यातल्या प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या घरात एक पेन्शनर फौजी आहे, तिथे मते घ्यायला आलेल्या वार्ताहराने त्यांच्यापैकी दोघा-चौघांना तरी विचारावे. ते आपण होऊन बोलत नाहीत. '९ एप्रिल'चा खेळ मंडळ पुन्हा लावणार असेल तर माजी सैनिक संघटनेच्या लोकांना घेऊन येण्याची जबाबदारी माझी. खेळानंतर तासभर चर्चा ठेवावी, ज्या मित्राने 'भेकड' हा शब्द वापरला त्यालाही बोलवावे, आणि त्याला पहिल्या रांगेत जागा ठेवावी.

आपला नम्र,
एक निवृत्त सुभेदार, सातारा तालुका